पाऊण शेर वाळू

रत्नागिरी,
२० नोव्हेंबर १९३३

प्रिय मन्सूर,

तुझे पत्र गणपतीत आले होते. उत्तर आज देतो आहे, कारण आज मला काम आहे. इतका उघड स्वार्थ तुला खेडात पाहायला मिळणार नाही.

फेब्रुवारीत आमच्या शाळेची तपासणी आहे. इन्स्पेक्टरसाहेब यंदा विज्ञानाच्या वर्गात बसणार आहेत. हेडमास्तरांनी मला बोलावून घेतले. म्हणाले, "दामले, एखादा प्रयोग करून दाखवा. जमला तर वर्ग राहील. नाही जमला तर कमिटी जूनपासून तो बंद करणार, आणि तुम्ही खालच्या मुलांना मोडी शिकवाल." माझी मोडी तू पाहिली आहेस. त्या मुलांची दया येऊन तरी प्रयोग जमायला हवा.

वजनाचा वेगावर काय परिणाम होतो, हा प्रयोग मी निवडला आहे. कॉलेजात आपण तो नीट पाहिला नव्हता, कारण पुढे उंच मुले उभी होती.

मोडीत निघालेल्या एका होडीची बारा फुटी फळी बंदरावरून आणली. विठू सुताराकडून चार चाकांची छोटी गाडी करून घेतली. त्याने विचारले, "मास्तर, हिच्यात बसनार कोन?" मी म्हटले, "वाळू." त्यानंतर त्याने माझ्याशी जपून बोलायला सुरुवात केली आहे.

गाडी बरोबर एक शेराची आहे. तिचा दोरा फळीच्या टोकाला असलेल्या कप्पीवरून खाली सोडला आहे आणि त्याला पावशेराचे पितळी वजन टांगले आहे. वजन खाली उतरते, गाडी पुढे येते. फळीचे मागचे टोक थोडे उचलले आहे, म्हणजे चाकांच्या घर्षणाची भरपाई होते. शाळेच्या घड्याळाला सेकंदकाटा नाही, म्हणून वेळ पाण्याने मोजतो. गाडी सोडली की भांड्याच्या तोटीवरचे बोट काढायचे, ती पोचली की पुन्हा ठेवायचे, आणि खालच्या काचेच्या मापात पाणी किती रेघांपर्यंत आले ते पाहायचे.

हिशेब सोपा आहे. ओढणारे वजन तेच ठेवून एक शेराची गाडी वाळू भरून चार शेरांची केली, तर तिचा वेग वाढण्याचे प्रमाण चौथाई होते. तेवढेच अंतर जायला दुप्पट वेळ लागतो. रिकाम्या गाडीला दहा रेघा, तर भरलेल्या गाडीला वीस.

तूही विज्ञान शिकवतोस. अशीच गाडी करून पाहा आणि आकडे कळव. दोन शाळांचे आकडे जुळले तर साहेबांना शंका घ्यायला जागा राहणार नाही.

काशीचा सुरय्यावहिनींना नमस्कार.

तुझा
भिकाजी


खेड,
४ डिसेंबर १९३३

भिकाजीपंतांना सलाम.

स्वार्थी माणसे खेडातही आहेत, पण ती पत्र लिहीत नाहीत, जेवायच्या वेळेला घरी येतात. त्या मानाने तू सभ्य आहेस.

तुझ्या सांगण्याप्रमाणे सगळे केले. रिकाम्या गाडीला दहा रेघा, भरलेल्या गाडीला वीस. दुसऱ्या खेपेलाही दहा आणि वीस. तिसऱ्या खेपेची गरज वाटली नाही.

आमच्याकडे जगबुडी नदीवरून वारा येतो, तेवढा सोडला तर काही अडचण आली नाही. तुझी गाडी अडत असेल तर चाकांना दिव्यातले उंडीचे तेल घाल. तेलाने पुष्कळशा गोष्टी सुटतात.

सुरय्या बरी आहे. ती म्हणते, हल्ली मी पत्र लिहिताना फार वेळ छताकडे बघतो. तिला सांगितले, शास्त्रज्ञ असेच बघतात. ती म्हणाली, "कौलं गळतायत, तीही बघा मग."

तुझा
मन्सूर


रत्नागिरी,
१५ डिसेंबर १९३३

प्रिय मन्सूर,

तुझे आकडे वाचून आनंद झाला, आणि मग झाला नाही.

माझी भरलेली गाडी वीस रेघा घेत नाही. ती साडेअठरातच येऊन उभी राहते. कधी थोडे वर, कधी थोडे खाली, पण वीस नाहीच. पुष्कळ वेळा केले. वर्गातली मुले आता माझ्या आधी "साडेअठरा" म्हणतात.

उशीर झाला असता तर मी चाकांना, दोऱ्याला, विठूला दोष दिला असता. पण ती लवकर येते. जन्मात माझ्या हातून कुठलेच काम वेळेआधी झाले नाही. आता होते आहे, तर ते थांबवता येत नाही.

तू म्हणालास म्हणून तेलही घातले. नको तिथे तेल का सुचवलेस हे कळले नाही, पण ज्याच्याकडे वीस येतात त्याचे ऐकावे, म्हणून घातले. घर्षण कमी झाले आणि फळीचा उतार जास्त ठरला. टोक खाली घेऊन पुन्हा सगळे लावले. पुन्हा साडेअठरा. वर्गाला मात्र देवळाच्या मागच्या दिव्याचा वास येतो.

हेडमास्तरांना अडचण सांगितली. ते म्हणाले, "ओझं घालूनही लवकर येते? मग चांगलंच आहे की!" मी समजावू लागलो. ते म्हणाले, "दामले, तुम्हाला गाडी हळू चालवायची आहे, आणि तेवढ्यासाठी कमिटीने पैसे द्यायचे, असंच ना?" तसेच होते.

तू नेमके काय केलेस ते सविस्तर लिही. दोष गाडीत नसणार. माझ्यात असणार.

तुझा
भिकाजी


खेड,
२६ डिसेंबर १९३३

प्रिय भिकाजी,

रोजे चालू आहेत. उपाशी माणसाचा सल्ला म्हणून हे पत्र वाच.

सविस्तर लिहिण्यासारखे मी काही केले नाही. मला वाटते तुझे बोट घाई करत असेल. गाडी पोचायच्या आधीच तोटी बंद होत असेल. कॉलेजातही परीक्षेचा कागद तू घंटेआधी द्यायचास.

आणि माझ्या आकड्यांना इतका मान देऊ नकोस. ते खेडचे आहेत. रत्नागिरीला रत्नागिरीचे आकडे येतील. साडेअठरा हाही वाईट आकडा नाही. पुष्कळांना तोही येत नाही.

सुरय्या विचारते, काशीवहिनींना तुझ्या गाडीचा उपयोग पाणी आणायला होतो का.

तुझा
मन्सूर


रत्नागिरी,
९ जानेवारी १९३४

प्रिय मन्सूर,

बोटाची तालीम केली. आठवडाभर घरीही करत होतो. काशी आमटी वाढायला लागली की तोटीवरचे बोट काढायचे, वाढून झाली की ठेवायचे. ती म्हणाली, "दुसरी बायको असती तर माहेरी कळवलं असतं." बोट आता वेळेवर पडते. गाडी साडेअठरावरच येते.

मग एक युक्ती सुचली. तिला युक्ती म्हणणे हा सौम्यपणा आहे. पिशवीत तीन शेरांवर आणखी पाऊण शेर वाळू घातली. गाडी बरोबर वीस रेघांना आली. पुन्हा केले, पुन्हा वीस. वाळू गाडीच्या खालच्या कप्प्यात ठेवली तर बाहेरून दिसत नाही. साहेबांसमोर गाडी तीन शेरांचे ओझे घेऊन निघेल, वीस रेघांना पोचेल, आणि विज्ञानाचा वर्ग वाचेल.

हे वाचून तू तोंड वाकडे करशील. पण बघ, तुझी गाडी पाऊण शेर न घालता वीस दाखवते. म्हणजे खरे उत्तर वीसच आहे. मी फक्त माझ्या गाडीला खरे बोलायला लावतो आहे. पोलीसही असेच म्हणतात.

चित्रकलेच्या मास्तरांनी मोठा तक्ता रंगवला आहे. दहा आणि वीस, तांबड्या रंगात. खाली मी लिहून घेतले: "खेड येथील विज्ञानशिक्षक श्री. मन्सूर परकार यांनीही हेच आकडे पडताळले आहेत." खेडची तपासणीही हेच साहेब करतात, असे हेडमास्तर म्हणाले. तुझे नाव ते ओळखतील.

तुझा
भिकाजी


खेड,
१३ जानेवारी १९३४

भिकाजी,

तक्त्यावरून माझे नाव काढ. आजच काढ. वरून रंग फास, कागद चिकटव, काहीही कर.

कारण विचारू नकोस. विनय समज.

मन्सूर


रत्नागिरी,
२० जानेवारी १९३४

प्रिय मन्सूर,

ईद मुबारक. दोघांना.

तुझे नाव काढले. विनयच समजलो होतो. पण तुझे पत्र आले त्याच दिवशी दोरा तुटला आणि पावशेराचे वजन माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्यावर पडले. काशीने हळद लावता लावता विचारले, "वजन पायावर पडलं, की पाय वजनाखाली नेला होता?" शास्त्राच्या दृष्टीने प्रश्न चांगला आहे. मी उत्तर दिले नाही, कारण ओरडत होतो.

मग पाय उशीवर ठेवून पडून राहिलो. पडल्या पडल्या मनात आले, हे वजन दोन महिने माझ्यासमोर सावकाश उतरत होते, कारण ते गाडीला बांधलेले होते. दोरा तुटल्यावर पहिल्यांदा ते आपल्या चालीने आले. म्हणजे बांधलेले असताना तेही गाडीबरोबर, गाडीच्याच चालीने चालते. पावशेराची ओढ एकट्या गाडीला हलवत नाही. गाडीला आणि त्या पावशेराला, दोघांना मिळून हलवते. मी ओढणाऱ्याला ओझ्यात धरलेच नव्हते.

आता हिशेब बघ. रिकामी गाडी आणि वजन मिळून सव्वा शेर. त्याची चौपट पाच शेर. माझी भरलेली गाडी आणि वजन मिळून होतात सव्वाचार. पाचाला पाऊण शेर कमी. मी चोरून घालत होतो तो पाऊण शेर हाच. आणि सव्वाचार शेरांना किती रेघा लागायला हव्यात? साडेअठराला किंचित कमी. माझी गाडी पहिल्या दिवसापासून खरे बोलत होती, आणि मी तिला तेल पाजत होतो.

इतका आनंद झाला की उठून उभा राहिलो. ती चूक होती.

आता तुझ्याकडे येतो. तीन शेर वाळूला वीस, हा आकडा माझ्या चुकीच्या हिशेबातला आहे. नोव्हेंबरात मीच तो तुला लिहून पाठवला. कुठल्याही फळीवर, कुठल्याही गाडीला तो आला नसता. मग माझी चूक तुझ्या गाडीला पाठ कशी झाली?

रागावलेलो नाही. अंगठा ठणकतो आहे, दोन्ही एकदम जमत नाही. पण खरे काय ते लिही.

तुझा
भिकाजी


खेड,
२५ जानेवारी १९३४

प्रिय भिकाजी,

गाडी नाही. फळीही नाही.

आमचा विज्ञानाचा वर्ग गेल्या जूनमध्येच बंद झाला. कमिटीला खर्च परवडेना. आता मी कवायत आणि शुद्धलेखन शिकवतो. माझ्या कपाटात लेझिमी ठेवल्या आहेत. उघडले की सगळ्या एकदम वाजतात, त्यामुळे मी कपाट उघडलेले सबंध शाळेला कळते. कवायतीत मी "सावधान" म्हणतो तेव्हा पहिला पाय माझाच चुकतो. मुले चांगली आहेत, माझ्याबरोबर चुकतात.

तुला हे गणपतीतच लिहिणार होतो. लिहिले पाऊसपाण्याबद्दल. मग तुझे पत्र आले, "तूही विज्ञान शिकवतोस." ते वाक्य वाचायला इतके बरे वाटले की ते खोडवेना. छताकडे बघून दहा लिहिले, वीस लिहिले. तुझ्याच पत्रातले होते, म्हणून चुकायची भीती नव्हती. तेलाचा सल्लाही असाच दिला. गाडी म्हटली की तेल, एवढेच माझे ज्ञान.

तू नापास होत चाललास तसा मी घाबरलो. पण तोवर माझ्या गाडीचा इतका लौकिक झाला होता की ती मोडायला धीर होईना.

त्या साहेबांनीच आमचा वर्ग बंद करायला संमती दिली. माझे नाव त्यांनी तक्त्यावर वाचले असते तर ओळखलेच असते.

साडेअठराच दाखव. तुझे तरी खरे आहेत. सुरय्याला सगळे सांगितले. ती म्हणाली, "न केलेल्या गाडीपायी त्या माणसाचा अंगठा फोडलात." हिशेब तिचा बरोबर आहे.

मन्सूर


रत्नागिरी,
१६ फेब्रुवारी १९३४

प्रिय मन्सूर,

तपासणी झाली. क्रमाने लिहितो.

नवा तक्ता मीच केला, म्हणून अक्षरे तिरकी आली. अंगठ्याला फडके असल्याने बूट घालता आला नाही. साहेबांनी आधी पायाकडे पाहिले, मग तक्त्याकडे. दोन्हींबद्दल त्यांचे मत सारखेच झालेले दिसले.

रिकामी गाडी सोडली. दहा. तीन शेर वाळू घालून सोडली. साडेअठरा. साहेब म्हणाले, "पुस्तकाप्रमाणे काय यायला हवं?" मी म्हटले, "टांगलेलं वजन मोजलं नाही तर वीस, साहेब. आम्ही ते मोजतो." मग मी सव्वा शेर, सव्वाचार, पाच, सगळे फळ्यावर मांडले. माझ्या मते छान मांडले. मागच्या बाकावरचा एक मुलगा जागा होता.

आता कळसाची वेळ आली. मी पाऊण शेर वाळू मोजून, सगळ्यांना दिसेल अशी, गाडीत ओतली आणि म्हटले, "आता एकूण पाच शेर झाले. सव्वाची चौपट. आता वीस येतील." गाडी सोडली. वीस आले, मन्सूर. केसभरही इकडेतिकडे नाही. इतकी सुंदर गोष्ट मी वर्गात कधी केली नव्हती.

साहेबांनी वाकून मापातल्या रेघा मोजल्या. मग म्हणाले, "म्हणजे हवं ते उत्तर येईपर्यंत तुम्ही वाळू घालत राहता?"

मुले हसली. हेडमास्तरही हसले, कारण साहेब हसत होते. मी पुन्हा सव्वा शेरापासून सुरुवात केली. साहेबांना पुढच्या वर्गात भूगोल ऐकायचा होता. शेऱ्यात लिहिले आहे, "प्रयोगाचे उत्तर स्थिर नाही. शिक्षकाने हातचलाखी टाळावी."

जूनपासून वर्ग बंद. परवा कमिटीने ठरवले.

हेडमास्तर वाईट माणूस नाही. मी एकटा असताना म्हणाले, "दामले, ती पाऊण शेर आधीच घालून ठेवली असतीत तर काय बिघडलं असतं?" महिन्यापूर्वी मी तेच करणार होतो. तेव्हा माझे शास्त्र चुकीचे होते आणि वर्ग शाबूत होता. आता शास्त्र बरोबर आहे. तीच वाळू, तेवढीच. चोरून घातली असती तर शास्त्रज्ञ ठरलो असतो. उघड घातली, तर लबाड ठरलो.

काशी दोन दिवस माळ्यावर काहीतरी शोधत होती. तिसऱ्या दिवशी मोडीचा कित्ता माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "आतापासून गिरवा. जूनला वेळ आहे." गिरवतो आहे. माझा 'अ' अजून कोणी ओळखलेला नाही.

तुझ्यावर राग नाही. खरे म्हणजे आहे, पण तो कुठे ठेवावा कळत नाही. तुझे वीस नसते तर मी साडेअठरावर समाधान मानून डिसेंबरातच थांबलो असतो, आणि का ते मला जन्मात कळले नसते. इतके चांगले खोटे बोलल्याबद्दल आभार मानावेत, असे काही वेळा वाटते. काही वेळा वाटत नाही.

तुझा
भिकाजी


खेड,
११ मार्च १९३४

प्रिय भिकाजी,

तुझे पत्र सुरय्याला वाचून दाखवले. साहेबांच्या प्रश्नाशी ती हसली, मग माझ्याकडे पाहून थांबली. मी अंगणात जाऊन उभा राहिलो. तिथे बराच वेळ काही करता आले नाही, म्हणून गाडी करायला घेतली.

मला सुतारकाम येत नाही. चाके गोल आहेत, असे मी म्हणतो. फळी म्हणजे गोठ्याच्या दाराची एक बाजू. म्हशीला आता वारा लागतो. गाडी एक शेराची करायची होती, ती दीड शेराची झाली. तासून कमी करू गेलो तर कडेने फुटली, मग ती पुन्हा जोडायला खिळे लागले आणि ती पावणेदोन झाली. त्यामुळे हिशेब सगळा नव्याने मांडावा लागला. तू आयता पाठवलेला इथे चालत नाही.

कवायतीची दोन-चार मुले शुक्रवारी नमाजानंतर येतात. मी गाडी सोडतो, सुरय्या तोटी धरते. ती म्हणते माझे बोट विश्वासाचे नाही.

आता आकडे. ओढणारे वजन धरून हिशेब केला, तर रिकाम्या गाडीच्या दहा रेघांना माझ्या तीन शेर भरलेल्या गाडीला सोळाच्या आसपास यायला हव्यात. पहिल्या खेपेला एकवीस आल्या. दुसऱ्या खेपेला चौदा. तिसऱ्या खेपेला गाडी फळीवरून उतरून कोंबड्यांत गेली. चौथ्या खेपेला एकोणीस, आणि तेव्हा मी इतका ओरडलो की शेजारचे सखाराम वैद्य औषधाची पिशवी घेऊन कुंपणाशी आले.

एकही आकडा दुसऱ्याशी जुळत नाही. कुठे चुकते ते कळत नाही. पण भिकाजी, मला हे आधीपासून माहीत नव्हते. चौदा येणार हे कोणालाच माहीत नव्हते. ते गाडीने सांगितले.

पत्रातून चूक सांगू नकोस. मे महिन्यात सुट्टी लागली की काशीवहिनींना घेऊन ये. सकाळी उठून गाडी सोडू. कुठे चुकते ते तेव्हा आपल्या दोघांनाही माहीत नसेल.

तुझा
मन्सूर